बॅग अजून हॉलमध्येच आहे

(पत्र थोडं कमी करून देतेय.)

"ताई, ऑगस्टमध्ये आम्ही मॉरिशसला आलो. नवऱ्याचं तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, ऑफिस एबेनला, घर व्हाकोआला. मला समुद्रासमोर राहायचं होतं, ते झालं नाही. इथे सतत भुरभुर पाऊस, घरात ओल, चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी आलीय. मी नोकरी सोडून आले, ओळखीचं कुणी नाही. दिवसभर लॅपटॉप उघडून पुढच्या ट्रिपा प्लॅन करत बसते. जानेवारीत रीयूनियन, फेब्रुवारीत मादागास्कर, मग सेशेल्स, रॉड्रिग्ज, केनिया, तीन वर्षांत सगळं बघून घ्यायचं असं ठरवलंय. नवरा म्हणतो आधी घर लाव, चार खोकी अजून तशीच पडलीयत आणि एक मोठी बॅग हॉलमध्येच आहे. सासू-सासरे डिसेंबरअखेर येऊ म्हणतायत. मी चुकतेय का? रुळायचं कसं आणि फिरायचं कधी?"

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जानेवारी-फेब्रुवारी हे शब्द आले तिथे अडकले, त्यामुळे बाकीचं सगळं नंतर, आधी हेच बोलूया. तू ज्या दोन महिन्यांत दोन मोठ्या ट्रिपा टाकल्यायस ते दोन महिने त्या भागातल्या चक्रीवादळांच्या सीझनचे ऐन मधले महिने आहेत. मॉरिशसमध्ये हा सीझन १ नोव्हेंबर ते १५ मे धरतात, म्हणजे तू पत्र लिहिलंस तेव्हा तो सुरू झालेलाच होता, आणि मला वाटतं तुला हे कुणी बसवून नीट सांगितलेलंच नाही, कारण तिथल्या लोकांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नव्या माणसाला सांगायला हवं हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

मी त्या बेटावर साडेपाच वर्षं काढली, तुझ्या शेजारीच, कात्र बोर्नला. पहिल्या जानेवारीत मला क्लास वन, क्लास टू म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तर ऐक. वादळ यायची शक्यता दिसली की साधारण छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास आधी क्लास एक लागतो, म्हणजे लक्ष ठेवा. ताशी १२० किलोमीटरचे झोत यायच्या आधी हाताशी साधारण बारा तास उजेड मिळेल अशा बेताने क्लास दोन, सहा तास मिळतील अशा बेताने क्लास तीन, आणि तसे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले की क्लास चार. क्लास तीन लागला की माणसं घरात. आणि जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते तुला सांगते, वादळाचा डोळा वरून जाताना अचानक सगळं शांत होतं, पक्षीसुद्धा ऐकू येतात, तेव्हा दार उघडून बाहेर जायचं नाही, कारण थोड्या वेळाने वारा पुन्हा येतो आणि उलट्या बाजूने येतो.

माझ्या पहिल्या क्लास तीनच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी न विचारता आत आल्या, बाल्कनीतल्या कुंड्या उचलून बाथरूममध्ये ठेवल्या, बादल्या-पातेली सगळी भरायला लावली आणि एक जुना टॉवेल घडी करून खिडकीच्या खाली दाबून बसवला. मला वाटलं, बंद खिडकीतून पाणी कशाला येईल. रात्री पाऊस आडवा येत होता, खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेतून बुडबुडे येत होते आणि दर वीस मिनिटांनी मी तो टॉवेल पिळत होते. त्या रात्रीनंतर मी त्यांच्याकडे विनाकारण जाऊ लागले. माझं त्या बेटावर रुळणं सुरू झालं ते त्या टॉवेलपासून.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा पहिला सीझन तू बेटावरच काढ. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या, आणि त्याच वादळाने रीयूनियनलाही झोडपलं. रीयूनियनला अलर्ट रंगांचे असतात, आणि रेड लागला की घराबाहेर पडायलाच बंदी, म्हणजे तू हॉटेलच्या खोलीत, तुझं विमान रद्द, आणि इकडे तुझ्या बंद घराच्या खिडकीखाली टॉवेल कुणी ठेवलेला नाही. त्याच बेटावर फोक-फोक म्हणून ठिकाण आहे, तिथे जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडलेला, तो आजही जगातला विक्रम आहे. आणि मादागास्कर फेब्रुवारीत म्हणजे चिखल गं. जे बघायला माणसं तिकडे जातात ते त्सिंगीचे चुनखडीचे सुळके, तिथला कच्चा रस्ता पावसाळ्यात बंदच असतो.

आता घर. समुद्रासमोर मिळालं नाही म्हणून तू खट्टू आहेस ते पत्रात दिसतंय, पण बेटाचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आण. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, समुद्रावरची वाफ घेऊन येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. पठारावरच्या सगळ्यात ओल्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून अर्ध्या तासावर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम आठ-नऊशे. तू त्या ओल्या बाजूला आहेस, क्युरपीपच्या खाली, त्यामुळे भुरभुर असणारच. पण याचाच अर्थ असा की व्हाकोआला भुरभुर चालू असताना पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला बऱ्याचदा लख्ख ऊन असतं. मी तर खिडकीतून धुकं दिसलं की पोरांना स्विमिंगचे कपडे घालायला सांगायचे. आणि उन्हाळ्यात, म्हणजे तुझ्या येणाऱ्या जानेवारीत, किनाऱ्यावरची माणसं रात्रभर घामात तळमळत असतात तेव्हा पठारावर तीन-चार डिग्री कमी असतात, तुला नीट झोप लागेल. समुद्रासमोर राहणाऱ्यांची दुसरी डोकेदुखी म्हणजे खारा वारा, तो बिजागऱ्या, कड्या, एसीचं बाहेरचं युनिट सगळं खातो. नवऱ्याने व्हाकोआ निवडलं ते वाईट निवडलं नाही, मेट्रोही दारात आहे.

बुरशीचं मात्र मनावर घे. कपाट भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढे ओढ, मागे हवा खेळली पाहिजे. सकाळी ऊन पडलं की खिडक्या समोरासमोर उघड आणि दुपारी पाऊस यायच्या आत बंद कर, दिवसभर उघड्या ठेवल्यास तर ओल आत येते. चामड्याच्या वस्तू पिशवीत बंद करून ठेवू नकोस, बाहेर लटकव, आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पूस. जमलं तर एक डीह्युमिडिफायर घे, पहिल्या दिवशी त्याच्या टाकीत किती पाणी जमा होतं ते बघून तू स्वतःच थक्क होशील. आणि ती हॉलमधली मोठी बॅग. माझीही अशीच एक होती, सात महिने सोफ्याच्या मागे उभी, त्यात हिवाळ्याचे कपडे आणि कागदपत्रं. एक दिवस उघडायला गेले तर चेनचा पितळी रनर हिरवा पडून दातांत अडकलेला, पट्ट्यावर राखाडी लव, आणि आतल्या फाइलमधली माझ्या लेकीची जन्माची झेरॉक्स मागच्या कागदाला चिकटलेली. त्यामुळे तुझा नवरा खोक्यांबद्दल म्हणतोय ते मला पटतं, खोकी तिथे पडून नुसती अडचण करत नाहीत, आतून खराब होतायत. आजच उघड. कागद आधी काढ.

आणि पाण्याचं बघून ठेव. चोहीकडे पाणी आणि इतका पाऊस, तरी ऑक्टोबर ते डिसेंबर जलाशय खाली गेलेले असतात आणि नळाला पाणी ठराविक तासच येतं, तेव्हा छतावर टाकी आहे का, तिची पातळी कोण बघतं, हे घरमालकाला विचार.

माणसांचं काय, हा तुझ्या पत्रातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, ट्रिपांचा नंतरचा. तू दिवसभर एकटी असतेस आणि स्क्रीनवर दुसरी बेटं बघतेस, ते मी समजू शकते, कारण प्लॅन करताना माणूस एकटा नसतो, त्या जागी पोचलेला असतो. पण बघ, तुला त्या बेटावर येऊन चार महिने होत आले आणि पत्रात एकाही शेजाऱ्याचा, दुकानदाराचा, बसच्या कंडक्टरचा उल्लेख नाही. ऑफिसचे कागद इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये, पण माणसं घरात आणि रस्त्यावर बोलतात क्रेओल, आणि तू क्रेओलमध्ये पहिलं वाक्य बोललीस की समोरच्याचा चेहरा बदलतो. बोंझूर, की मान्येर? कोरेक. एवढ्यावर मी पहिला महिना काढला. इंग्रजीत बोललीस तर तुला नीट उत्तर मिळेल, पण गप्पा मिळणार नाहीत. क्रेओल शिकायला व्याकरणाची फारशी भानगड नाही, क्रियापद माणसागणिक बदलत नाही, कान उघडे ठेवलेस तर दोन-तीन महिन्यांत बाजारात चालेल इतकं येतं.

रविवारी किनाऱ्यावर जा, पण टूरिस्टसारखी दुपारी बाराला जाऊन फोटो काढून परत येऊ नकोस. तिथली कुटुंबं सकाळपासून सुरूच्या झाडांखाली, ते त्याला फिलाओ म्हणतात, चटया टाकून बसलेली असतात, पातेली आणलेली, आजोबा खुर्चीत, कुणीतरी रावान नावाचा डफ वाजवतंय. शेजारी चटई टाक आणि बस. दोन रविवार कुणी बोलणार नाही, तिसऱ्या रविवारी एखादी बाई डबा पुढे करेल. माएबूरला सोमवारचा बाजार भरतो, बसने जा, मुद्दाम बसने.

आणि आप्रवासी घाटावर एकदा एकटी जा. पोर्ट लुईच्या बंदराला लागून आहे, छोटीशी जागा, २००६ पासून जागतिक वारसा. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसं करारावर मजुरीला त्या बेटावर उतरली, त्यात आपल्या कोकणातलीही होती, आणि तिथल्या त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. त्यांची पतवंडं आज गणपतीचं विसर्जन करतात आणि गणेश चतुर्थीची देशभर सरकारी सुट्टी असते. मी त्या पायऱ्यांवर गेले तेव्हा माझ्या मनात नवऱ्याबरोबर घरावरून भांडण चालू होतं. खाली उतरून आल्यावर ते कुठे गेलं मला आठवत नाही. तुला तिथे काय वाटेल ते तुझं तू बघ.

समुद्राबद्दल दोनच गोष्टी. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी शांत असतं, पण दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी ती भिंत तुटलेली आहे, तिथे मोठा समुद्र थेट खडकांवर येतो, तिथे बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. आणि उथळ पाण्यात कधीच अनवाणी चालू नकोस, स्टोनफिश दगडासारखाच दिसतो आणि त्याचा काटा विषारी असतो, पातळ सोलमधूनही आत जाऊ शकतो, म्हणून जाड सोलचे बूट घाल आणि तरी बघून पाय टाक. डासांचं मलमही पर्समध्ये असू दे, मलेरिया तिथे नाही पण डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या साथी येतात.

आता ट्रिपा. तू हौशी आहेस ते मला आवडलं, ती हौस मारू नकोस, फक्त महिने हलव. मी असं करेन. एप्रिलमध्ये सेशेल्स, कारण तिथली मुख्य बेटं विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहेत की वादळांच्या पट्ट्यातच येत नाहीत, आणि एप्रिलमध्ये एक वारा थांबलेला आणि दुसरा सुरू व्हायचा असतो, पाणी आरशासारखं. जाण्याआधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन घ्यावं लागतं, ते विसरू नकोस. मग मे-जून ते ऑगस्टमध्ये कधीही रीयूनियन, विमानाने पाऊण तास, आणि तिथे जायचं ते समुद्रासाठी नाही, डोंगरांसाठी. माफात म्हणून एक दरी आहे जिथे रस्ताच नाही, गावं आहेत, माणसं राहतात, पण जायचं तर पायी नाहीतर हेलिकॉप्टरने. कोरड्या दिवसांत तिथे दोन रात्री राहा, तुझं मन भरेल. फक्त लक्षात घे की रीयूनियन फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, पोर्ट लुईच्या फ्रेंच दूतावासाकडे आधी चौकशी कर.

रॉड्रिग्ज सप्टेंबर-ऑक्टोबरला ठेव आणि मला विचारशील तर त्याला सगळ्यात जास्त दिवस दे. तुझ्याच देशाचा भाग आहे, म्हणजे आत्ता तू ज्या देशात राहतेस त्याचा, सुमारे साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, दीड तासाचं विमान, व्हिसाची भानगड नाही. बेट १०८ चौरस किलोमीटरचं आणि त्याच्याभोवतीचं उथळ पाणी त्याच्या दुपटीहून मोठं. भरती ओसरली की बायका लांब काठ्या घेऊन त्या पाण्यात ऑक्टोपस शोधत चालतात, मैलभर लांब दिसतात, आणि वर्षातून काही काळ ती मासेमारी बंद ठेवतात म्हणजे पिल्लं मोठी होतील. विमानं छोटी असतात, शाळेच्या सुट्ट्यांत सीट मिळत नाही, तेव्हा ते तिकीट आधी काढ आणि बाकीचं त्याच्याभोवती बसव.

मादागास्कर दुसऱ्या वर्षीच्या मे ते ऑक्टोबरमध्ये कधीतरी, आणि कमीत कमी दोन आठवडे असतील तरच, कारण तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, रस्ते तसे आहेत. मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधीच सुरू कराव्या लागतात, डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. केनिया जुलै ते ऑक्टोबर, मसाई मारामधली जनावरं तेव्हा असतात, आणि त्यासाठी पिवळ्या तापाची लस जाण्याच्या निदान दहा दिवस आधी घे, नाहीतर परत येताना मॉरिशसच्याच विमानतळावर अडवतील. सर्टिफिकेट एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं, २०१६ पासून तसा नियम आहे. तुमचे पासपोर्ट कधी संपतायत तेही आज बघ, परमिट आणि प्रत्येक व्हिसा त्याच्यावर अवलंबून आहे, आणि शेवटचे सहा महिने राहिले की बऱ्याच ठिकाणी प्रवेश देत नाहीत.

वर्षाला दोन मोठ्या ट्रिपा पुरेत असं माझं प्रामाणिक मत आहे. तीन वर्षांत सहा. बाकीचे वीकएंड बेटासाठी, ल मॉर्नचा डोंगर, ब्लॅक रिव्हरचं जंगल, महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांत गंगा तलावाकडे चालत जाणारी लाखो माणसं. ती माणसं तुझ्या दारातून जातात, व्हाकोआवरून, तू फक्त पाण्याची बाटली घेऊन बाहेर उभी राहा.

सासू-सासऱ्यांना डिसेंबर नको म्हणून सांग, आणि हे नवऱ्याने सांगू दे, त्याचे आईवडील आहेत. विमानाची तिकिटं तेव्हा सगळ्यात महाग, दमट उकाडा, वर वादळाची टांगती तलवार, आणि त्यात म्हातारी माणसं क्लास तीनमध्ये घरात अडकली तर घाबरून जातील. त्यांना मेमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये बोलव. जून-जुलैत पठारावर संध्याकाळी स्वेटर लागतो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, ते त्यांना उदास करेल. मेमध्ये आले तर तोवर तुझी खोकी उघडलेली असतील, तुला क्रेओल येत असेल, आणि बाजारात सासूबाईंना तू फिरवशील.

नवऱ्याशी वाद मिटवायचा तर एक कर, भिंतीवर मोठं कॅलेंडर लाव, आधी त्यावर वादळाचे महिने, पाण्याची टंचाई, थंडी, सरकारी सुट्ट्या लिही, मग दोघांनी बसून मोकळ्या दिसतील त्या चौकटींत ट्रिपा भर. मला खात्री आहे तो नाही म्हणणार नाही, त्याला फिरायचं नाही असं तू कुठे लिहिलेलं नाहीस, त्याला फक्त रात्री घरी आल्यावर बॅगला ठेच लागायला नको आहे.

तू चुकतेयस का, विचारलंस. नाही गं. आधी ते रीयूनियनचं जानेवारीचं तिकीट काढलंयस का ते बघ, काढलं असशील तर तारीख बदलून मिळतेय तोवर आजच फोन कर. मग कात्री घे आणि पहिलं खोकं उघड. आणि पहिला क्लास दोन लागेल तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन विचार, टॉवेल कुठे ठेवायचा.